आजारी मांजराला काय भरवावं, किती आणि कसं

वाचकांचे प्रश्न

आजारी मांजरांबद्दल आलेल्या पत्रांत एकच काळजी पुन्हापुन्हा दिसते: खात नाही, काय करू? म्हणून या वेळचं सदर त्याच प्रश्नाभोवती ठेवलं आहे. औषधांचे डोस मुद्दाम दिलेले नाहीत. ते मांजराला हात लावून तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचे.

प्रश्न: आमचा बोका सहा वर्षांचा, वजन साडेपाच किलो. तीन दिवस वाटीला तोंड लावलेलं नाही. पाणी पितो. घरातली मोठी माणसं म्हणतात, मांजर उपास करून आपोआप बरं होतं. आणखी दोन दिवस वाट पाहावी का? (वाचक, सांगली)

उत्तर: नको. हे वाचताय त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

उपाशी राहणं कुत्र्याला जितकं झेपतं तितकं मांजराला झेपत नाही. खाणं थांबलं की अंगावरची चरबी सुटून यकृतात येते, आणि मांजराच्या यकृताला ती तितक्या वेगाने पुढे धाडता येत नाही. पेशी चरबीने भरतात, कावीळ होते. त्याने मळमळ वाढते आणि मळमळीने उरलीसुरली भूकही जाते. जाड मांजरात या फेऱ्याला दोन-तीन दिवस पुरतात. म्हणजे ‘अंगावर आहे भरपूर, काही होत नाही’ असं ज्याच्याबद्दल वाटतं, तोच गुटगुटीत बोका जास्त धोक्यात असतो. पाणी पितो यावरही विसंबू नका.

मोठ्या मांजराने २४ तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करावा, ४८ तास झाले तर प्रत्यक्ष दाखवावं. पिल्लू असेल तर १२ तासही खूप झाले. कानाची आतली कातडी, हिरड्या आणि टाळू दिवसाच्या उजेडात पाहा. पिवळट दिसली तर तसं सांगा. आणि बोका आहे म्हणून एक गोष्ट आधी तपासा: तो सारखा लिटरमध्ये (मांजराच्या शौचाच्या पेटीत) बसून कुंथतोय आणि लघवी होत नाहीये का? तसं असेल तर मध्यरात्र असली तरी निघा. तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत दगावतो.

तो नेमका कसा खात नाही, हेही बघून ठेवा. वाटीपर्यंत येतो, वास घेतो, ओठ चाटतो आणि मागे फिरतो, ही बहुधा मळमळ. घास तोंडात घेऊन मान झटकतो किंवा टाकून देतो, तर दात-हिरड्या दुखत असतील. वाटीकडे ढुंकूनही पाहत नाही आणि नाकात शेंबूड आहे, तर त्याला वासच येत नसेल, आणि वास आल्याशिवाय मांजर खात नाही. या तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, म्हणून डॉक्टरांना हे वर्णन रक्ताच्या रिपोर्टइतकंच उपयोगी पडतं.

प्रश्न: आमची चार किलोची मांजरी स्वादुपिंडाच्या सुजेतून बरी होते आहे. सिरिंजने पातळ खाणं भरवतो. ती लाळ गाळते, हात ओरबाडते आणि आता नुसती वाटी दिसली तरी कपाटाखाली पळते. आमचं काय चुकतंय? दिवसाला किती जायला हवं? (वाचक, ठाणे)

उत्तर: आधी हिशेब मांडू, कारण चूक बहुतेक तिथेच सापडते. वजनाला ३० ने गुणा, त्यात ७० मिळवा. ४ किलोला १९० कॅलरी. पडून राहणाऱ्या आजारी मांजराला दिवसाला साधारण एवढं लागतं. आजारी जनावरांसाठीचं डब्यातलं मऊ खाणं, उदाहरणार्थ रॉयल कॅनिनचं ‘रिकव्हरी’ किंवा हिल्सचं ‘ए/डी’, एका ग्रॅमला एक कॅलरी किंवा थोडं जास्त देतं. नेमका आकडा डब्यावर असतो. सिरिंजमधून जाण्यासाठी त्यात पाणी घातलं की एका मिलीला एक कॅलरीहून थोडं कमीच पडतं. म्हणजे दिवसाला २०० मिलीच्या वर. मांजराच्या तोंडात एका वेळी १ मिलीच सोडायचं असतं, तेव्हा हे दोनशेहून अधिक घोट झाले. मळमळणाऱ्या मांजराला रोज दोनशे घोट जबरदस्तीने पाजणं कुणालाही जमत नाही. तुमचा हात कमी पडत नाहीये, हे कामच तसं आहे.

लाळ गळणं आणि वाटी दिसताच पळणं या खुणांचा अर्थ असा की तिने खाणं आणि मळमळ यांची मनात गाठ मारली आहे. ही गाठ पक्की झाली की मूळ आजार बरा झाल्यावरही ते खाणं ती नाकारते. म्हणून आज सिरिंज थांबवा आणि डॉक्टरांना मळमळीवरच्या औषधाबद्दल विचारा. मॅरोपिटंट आणि ऑन्डान्सेट्रॉन ही दोन औषधं मांजरांत नेहमी वापरतात. स्वादुपिंडाची सूज दुखते, तेव्हा वेदनाशामक चालू आहे ना, हेही विचारा. मर्टाझापिनसारखं भूक वाढवणारं औषध मळमळ आणि दुखणं आवरल्यावरच कामाला येतं. त्याआधी दिलं तर पोटात भूक आणि तोंडात नकोसं, अशी तिची ओढाताण होते.

औषध लागू पडल्यावर पुन्हा सुरुवात करताना जागा बदला, वाटी बदला, शक्य तर खाण्याचा प्रकारही बदला. पसरट बशीत एक चमचाच वाढा. खाणं अंगाइतकं कोमट, म्हणजे ३८ अंशांच्या आसपास असावं. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकला तर गरमही लागू नये आणि गारही. कोमट खाण्याला वास सुटतो. नाक चोंदलं असेल तर कोमट सलाईनमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसा, आणि गरम पाण्याच्या वाफेने भरलेल्या न्हाणीघरात दहा मिनिटं तिला घेऊन बसा. व्हिक्स, कापूर, निलगिरी तेल मात्र जवळपासही आणू नका. मांजराला ती विषारी आहेत. बशी वीस मिनिटांत उचला. दिवसभर नाकासमोर ठेवलेलं अन्न मळमळीला खतपाणीच घालतं. सुक्या बिस्किटांत ग्रॅमला साडेतीन ते चार कॅलरी असतात, म्हणजे तिने आपण होऊन १२ ग्रॅम खाल्ली तर सिरिंजचे पन्नासेक घोट वाचले. मऊ खाणंच चांगलं असा आग्रह या दिवसांत नको.

दोन-चार दिवसांपुरती सिरिंज वापरावीच लागली तर अशी वापरा. मांजर टेबलावर, तोंड तुमच्यापासून दूर, पाठ तुमच्या पोटाला टेकलेली, अंगाभोवती टॉवेल सैलसर. सिरिंज सुईशिवायची, टोक सुळ्यामागच्या फटीतून गालाच्या आत. डोकं वर उचलू नका. मान मागे झुकली की अन्न श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होतो. १ मिली सोडा, गिळताना दिसलं की पुढचं. खोकली, ठसका लागला तर थांबा. एका बैठकीला आधी ५ ते १० मिली, दहा मिनिटांहून जास्त नाही. तिने दोनदा तोंड फिरवलं की ती बैठक संपली.

आणखी एक, आणि हे फार कमी सांगितलं जातं. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या मांजराला पहिल्याच दिवशी पोटभर देऊ नये. पहिल्या दिवशी हिशेबाच्या एक तृतीयांश, म्हणजे ६० ते ६५ कॅलरी, दुसऱ्या दिवशी १३०, तिसऱ्या दिवशी पूर्ण. उपास पाच दिवसांहून मोठा असेल तर हाच चढ आठवडाभर ताणा आणि मध्ये रक्तातलं फॉस्फरस व पोटॅशियम तपासून घ्या. अचानक अन्न आलं की इन्सुलिन वाढतं, ही क्षारद्रव्यं रक्तातून पेशींत ओढली जातात, आणि फॉस्फरस फार उतरलं तर तांबड्या पेशी फुटतात. ‘खायला लागली आणि दोन दिवसांत गेली’ असं जे ऐकू येतं, त्यातल्या काहींमागे हे कारण असतं.

रोज त्याच वेळी वजन करा. माणसाच्या काट्यावर मांजराला घेऊन उभं राहिलात तर शंभर-दोनशे ग्रॅमचा फरक कळत नाही, आणि चार किलोच्या मांजरात तोच महत्त्वाचा. बाळाचा काटा किंवा पाच किलोपर्यंतचा स्वयंपाकघरातला काटा घ्या. आणि तीन दिवसांत निम्म्या कॅलरीही जात नसतील, तर पुढचं उत्तर तुमच्यासाठीही आहे.

प्रश्न: डॉक्टर म्हणतात मानेतून अन्नाची नळी घालू. आम्हाला तो शेवटचा उपाय वाटतो. एवढ्या अशक्त मांजराला भूल देऊन भोक पाडायचं? आणि घरी आम्हाला जमेल? (वाचक, पुणे)

उत्तर: नळी शेवटी घालायची असते, हा समज मांजरांना फार महाग पडतो. दहा दिवस झगडून मांजर हाडांचा सापळा झाल्यावर घातलेली नळी आणि चौथ्या दिवशी घातलेली नळी यांत भुलीचा धोकाही वेगळा आणि निकालही. नळी मानेच्या डाव्या बाजूने अन्ननलिकेत जाते आणि जठराच्या थोडं आधी थांबते. भूल थोड्या वेळाची, नंतर नळीची जागा एक्स-रेवर बघतात. नळी असतानाही मांजर तोंडाने खाऊ शकतं, झोपतं, अंग चाटतं. तुम्हाला मोठा फायदा असा की औषध, पाणी, अन्न सगळं झटापट न करता जातं, आणि मांजर तुम्हाला पाहून पळायचं थांबतं. रक्त गोठण्याची अडचण, अन्ननलिकेचा आजार किंवा न थांबणाऱ्या उलट्या असतील तर ही नळी चालत नाही. ते डॉक्टर आधी तपासतात. नाकातून घालायची बारीक नळी भुलीशिवाय बसते, पण तिच्यातून फक्त पाण्यासारखं पातळ अन्न जातं आणि ती थोड्या दिवसांचीच सोय आहे.

घरचा क्रम असा. खाणं मिक्सरमध्ये पाण्याबरोबर फिरवा आणि चहाच्या गाळणीतून गाळाच. न गाळलेला एक कण नळी तुंबवतो. भरलेली सिरिंज गरम पाण्याच्या भांड्यात उभी करून कोमट करा. मायक्रोवेव्हमध्ये मधेच चटका बसण्याइतका गरम गोळा राहतो. मांजर बसलेलं किंवा पोटावर पहुडलेलं असावं, कुशीवर आडवं नको. आधी ५ मिली कोमट पाणी सोडा. पाण्यावर ती खोकली तर अन्न देऊ नका, नळी सरकलेली असू शकते. मग अन्न, दहा-पंधरा मिनिटं घेऊन, सावकाश. ४ किलोच्या मांजराला सुरुवातीला एका वेळी २० ते २५ मिली, मग हळूहळू ४० ते ५० मिली, दिवसातून चार ते सहा वेळा. ओठ चाटणं किंवा वारंवार गिळणं दिसलं की हात थांबवा. वेग जास्त झाला आहे. शेवटी पुन्हा ५ ते १० मिली पाणी आणि टोपण. हे शेवटचं पाणी विसरलं की नळीत अन्न वाळतं, आणि तुंबण्याचं नेहमीचं कारण तेच.

तुंबलीच तर कोमट पाण्याची सिरिंज लावून पुढे-मागे हलक्या हाताने हलवा. जोर लावू नका, नळी फाटते. त्याने न सुटल्यास थोडं कोलाचं पेय नळीत भरून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, मग पुन्हा पाणी. गोळ्या पिठासारख्या बारीक करून, पाण्यात कालवून, प्रत्येक औषध वेगळं द्या. ज्या कॅप्सूलमध्ये साबुदाण्यासारखे दाणे असतात त्या नळीतून देऊ नयेत.

नळी कातडीतून बाहेर पडते तिथे मार्करने रेघ मारून ठेवा. रेघ हलली तर नळी हलली. पट्टी रोज उघडून जागा पाहा. थोडी लाली, थोडा वाळलेला स्राव चालतो. पू, दुर्गंधी, सूज चालत नाही. आणि एक प्रसंग आधीच माहीत असू द्या: जोरात उलटी झाली तर नळीचं आतलं टोक तोंडातून बाहेर येऊ शकतं. घाबरून कापू नका, त्यातून काहीही देऊ नका, तिला ते चावू न देता तसंच दवाखान्यात न्या.

ती आपली आपण आठवडाभर पुरेसं खाते आणि वजन टिकतं, असं दिसलं की नळी काढतात. टाका कापून ओढली की झालं, भूल लागत नाही. भोक आपोआप भरून येतं.

प्रश्न: डब्यातलं खाणं इथे मिळत नाही, परवडतही नाही. दहीभात, दूध-पोळी, चिकन सूप चालेल? (वाचक, कोल्हापूर जिल्हा)

उत्तर: दूध-पोळीवर मांजर जगतं असं वाटतं, कारण बाकीचं ते बाहेरून उंदीर-पाली मारून मिळवतं. घरात पडून असलेल्या आजारी मांजराला ती वाट नाही. मोठ्या मांजरांना बहुधा दूध पचत नाही, जुलाब होतात आणि अंगातलं पाणी जातं. दहीभातात प्रथिनं अगदी थोडी आणि टॉरीन, म्हणजे मांजराला मांसातून मिळणारं अत्यावश्यक पोषकद्रव्य, जवळजवळ नाहीच. टॉरीन कमी पडत राहिलं तर मांजराचं हृदय आणि डोळे बिघडतात.

चार-पाच दिवस निभावायचे असतील तर हाडं काढलेलं चिकन थोड्या पाण्यात मऊ शिजवा आणि त्याच पाण्यासकट मिक्सरमधून काढा. पाणी टाकू नका, टॉरीन त्यात उतरलेलं असतं. शिजलेल्या १०० ग्रॅम चिकनमधून साधारण १५० कॅलरी मिळतात, म्हणजे ४ किलोच्या मांजराला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. शिजलेल्या अंड्याचा एक पिवळा बलक मिसळला की आणखी ५० ते ६०. मीठ-मसाला काहीच नको, आणि कांदा-लसूण तर मुळीच नको. त्यांनी मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात, शिजवून किंवा पूड करूनही विष जात नाही. घरच्या रश्श्यातून गाळून काढलेलं सूप आणि तयार सूपची पाकिटं म्हणूनच बाद. वासासाठी बिनमिठाचा सुका जवळा भाजून, कुटून चिमूटभर भुरभुरवा. रुसलेली मांजरंही त्याने वळतात. मूत्रपिंड किंवा हृदय अधू असेल तर तोही टाळा.

नुसत्या चिकनमध्ये कॅल्शियम नसतंच म्हटलं तरी चालेल, तेव्हा आठवड्याच्या पुढे हे ताणू नका. मांजरांची साधी बिस्किटं बहुतेक गावांत मिळतात. ती कोमट पाण्यात तासभर भिजवून लगदा केला तर पोषण या सगळ्यापेक्षा पुरं आहे.

प्रश्न: बारा वर्षांच्या मांजरीचं मूत्रपिंड निकामी होत आलं आहे. डॉक्टरांनी दिवसाआड १०० मिली सलाईन घरी कातडीखाली द्यायला शिकवलं, पण धाकधूक वाटते. (वाचक, नाशिक)

उत्तर: सर्वांत आधी बाटलीवरचं नाव वाचा. कातडीखाली रिंगर लॅक्टेट, म्हणजे आरएल, दिलं जातं, किंवा डॉक्टरांनी लिहिलं असेल तर साधं सलाईन. औषधाच्या दुकानात कधी डीएनएस किंवा डेक्स्ट्रोजची बाटली हातात दिली जाते. ती कातडीखाली देऊ नका. साखरेच्या पाण्याने तिथे आग होते, गळू धरतं.

बाटली कोमट पाण्यात ठेवून अंगाइतकी करा, मांजराच्या तीन-चार फूट वर टांगा. नळीतली हवा पाणी सोडून काढा. सुई दर वेळी नवी. सुई जितकी जाड तितकं काम लवकर आटपतं, तेव्हा २० नंबरची घ्या, किंवा चालत असेल तर १८ नंबरची. नंबर कमी तितकी सुई जाड. दोन्ही खांद्यांच्या मधली कातडी उचलून तंबू करा आणि सुई पाठीला समांतर, तंबूच्या तोंडातून आत. केस ओले झाले तर सुई पलीकडून बाहेर आली आहे. किती गेलं हे बाटलीवरच्या रेघेवरून ठरवू नका, बाटली आकसली की रेघ फसवते. बाटली आधी आणि नंतर स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा: १०० ग्रॅम कमी झाले म्हणजे १०० मिली गेलं. सुई काढल्यावर जागा मिनिटभर चिमटीत धरा. एक-दोन गुलाबी थेंब आले तर काळजी नाही.

पाठीवर आलेला फुगा हळूहळू पुढच्या पायाकडे उतरतो, काही तासांत जिरतो. दुसऱ्या दिवशीही तसाच असेल तर पुढचं सलाईन देऊ नका, फोन करा. ती गाढ झोपली असताना छाती मिनिटाला किती वेळा वर येते हे रोज मोजा. तीसच्या वर जात असेल तर फुफ्फुसात किंवा छातीत पाणी साठत असू शकतं. सलाईन बंद आणि त्याच दिवशी दवाखाना. गढूळ झालेली बाटली फेकून द्या.

मूत्रपिंडासाठीचं पथ्याचं खाणं चांगलंच, पण ती आजारपणात काहीच खात नसेल तेव्हा त्याचा आग्रह धरू नका. आधी जे खाईल ते. पथ्य ती स्थिरावल्यावर, जुन्या खाण्यात थोडं थोडं मिसळून.

प्रश्न: गोळी कशी द्यावी? ताप असेल तर क्रोसिनचा तुकडा चालतो का? जखम डेटॉलने पुसावी का? (वाचक, मुंबई)

उत्तर: क्रोसिन, डोलो, कुठलंही पॅरासिटामॉल मांजराला अजिबात देऊ नका. एका गोळीने मांजर मरतं: रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद जाते, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजतं. चुकून दिली गेली असेल तर लक्षणांची वाट न पाहता निघा. त्यावर उतारा आहे, पण वेळेत मिळायला हवा. डेटॉल आणि फिनाइलही नको, अंग चाटताना ते पोटात जातं. जखमेला साधं सलाईन पुरे.

गोळी जिभेच्या मुळाशी टाकून तोंड मिटा आणि लगेच ५ मिली पाणी सिरिंजने, वर सांगितल्याप्रमाणे गालातून द्या. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून राहते. डॉक्सीसायक्लिन आणि क्लिंडामायसिन यांनी तर तिथे जखम होऊन पुढे अन्ननलिका आकसते.

प्रश्न: दीड महिन्याचं पिल्लू गारठून पडलं आहे, अंग थंड, दूध चाटत नाही. जवळ मांजरांचा डॉक्टर नाही. (वाचक, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर: थंड पिल्लाला भरवू नका. अंग गार असताना आतडी हलत नाहीत, अन्न पोटात कुजतं किंवा छातीत जातं. आधी ऊब: गरम पाण्याच्या बाटलीला टॉवेल गुंडाळून ती खोक्याच्या एका बाजूला ठेवा, दुसरी बाजू गार ठेवा, म्हणजे त्याला सरकता येईल. सावकाश, तासाभरात. दरम्यान मधाचा किंवा साखरेच्या पाण्याचा एक थेंब हिरडीवर चोळा. मांजराचं नेहमीचं तापमान १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. ९९ च्या वर आल्यावरच कोमट पातळ खाणं, तेही चमचाभर.

उलट्या-जुलाब असतील तर तो मांजरांचा पार्वो, म्हणजे विषाणूमुळे होणारा गंभीर आजार, असू शकतो, त्यात घरच्या उपायांनी वेळ जातो. तालुक्याचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना निदान सलाईन देऊ शकतो. मोठ्या उपचारांसाठी परळ आणि शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने आहेत, आणि परळचंच, मुंबईकर ज्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात ते, बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय.

प्रश्न: सतरा वर्षांची मांजरी, जबड्याला कॅन्सर. खाणं जवळपास थांबलं आहे. भरवत राहावं की नाही? (वाचक, गोवा)

उत्तर: आजार मागे फिरणारा असेल तर नळी घालूनही भरवावं, कारण तिला सावरायला वेळ मिळतो. हा आजार मागे फिरणारा नाही. म्हणून इथे सिरिंज नको, कॅलरींचा हिशेबही नको. गाळलेलं कोमट चिकनचं पाणी, मऊ लगदा, ती चाटेल तेवढंच. तिचा पहिला हक्क वेदनाशामकावर आहे. मांजर दुखणं लपवतं. अंग आखडून बसणं, अर्धे मिटलेले डोळे, अंग चाटणं बंद होणं ही दुखण्याची भाषा आहे, आणि पुरेसं औषध मिळालं की काही मांजरं पुन्हा थोडं खातात. लिटरची पेटी बुटक्या काठाची घ्या आणि अंथरुणापासून दोन पावलांवर ठेवा.

कॅलेंडरवर रोज एक खूण करा: आज ती आपण होऊन काही चाटली का, तुमच्याजवळ आली का, शांत झोपली का. वाईट दिवस चांगल्या दिवसांहून जास्त होऊ लागले की डॉक्टरांशी शांत मरणाबद्दल बोला, आणि ते घरी येतील का हे तशी वेळ येण्याआधीच विचारून ठेवा. आधी गुंगीचं इंजेक्शन देतात, ती काही मिनिटांत गाढ झोपते, मग भुलीच्या औषधाचा मोठा डोस. डोळे उघडेच राहतात, नंतर एखादा श्वास घेतल्यासारखं दिसतं, लघवी सुटते. तेव्हा तिला काहीही जाणवत नसतं. तिच्या रोजच्या जागेवर, खाली जाड टॉवेल घालून, तुम्ही तिच्याजवळ बसू शकता.